अध्यक्षांचा कोट आणि आमची बेल

अध्यक्षसाहेब, तुमच्या निळ्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं जे भोक पडलंय, ते तुम्ही पाडलंय. इस्त्री माझी होती, टेबल माझं होतं, कोट तुम्ही मोठ्या विश्वासाने माझ्याकडे टाकला होता, हे सगळं कबूल. तरी भोक तुमचंच. परवा कमिटीसमोर मला उभं करून तुम्ही "खुलासा करा" म्हणालात, आणि मी तोंड उघडल्याबरोबर "थोडक्यात करा" म्हणालात. थोडक्यात मला येत नाही. मी शिवणकाम करणारी बाई आहे. टाक्याला लागून टाका पडला पाहिजे; मधले गाळले की कापड उसवतं. तेव्हा आता सगळं ऐका. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांनीही ऐका, कारण त्या दुपारी तुमच्यातला एकही मदतीला आला नव्हता.

आमची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं टेबल, त्याच्या टोकाला इस्त्री, आणि दाराशेजारी खुर्चीत आप्पा. आप्पा म्हणजे माझे सासरे; तोंड कायम दाराकडे, टेबलाकडे पाठ, आणि नाकाला वास केव्हाच कळेनासा झालेला. जन्मभर पोस्टात खिडकीच्या आत बसून लोकांना "हं, पुढचे" म्हणालेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली सगळी खाती आमच्याकडे सोपवली, एक सोडून. दार. दार उघडणं हे आप्पांचं खातं. बेल वाजली की आप्पा उठणार, कडी काढणार, आलेल्या माणसाला नखशिखान्त बघणार आणि आत वळून "सूनबाई, तुझ्याकडे आलेत" म्हणणार. एकदा त्यांच्या आधी मी दार उघडलं, तर त्यांनी जेवताना भाजी पुन्हा मागितली नाही. राग व्यक्त करायची त्यांची ती पद्धत.

मग त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं. घरी आले ते वॉकर घेऊन. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, आत्ता जमलं. पण हे पुन्हा पडले, तर पुन्हा उभे राहतील असं मी सांगू शकत नाही." मी ते वाक्य घरी आणून उशाशी ठेवलंय म्हणा. आप्पा पडता कामा नयेत. या गोष्टीत मी जे जे केलं, हसण्यासारखं आणि न हसण्यासारखं, ते या एका वाक्यासाठी.

आणि नेमक्या त्याच सुमाराला बिल्डिंगमध्ये बेल वाजवून पळायची साथ आली.

बेल वाजायची. आप्पा वॉकरवर भार देत उठायचे, खट्, खट्, खट्, दारापर्यंत जायचे. दार उघडलं की जिना रिकामा. फक्त खालून पाखरं उडाल्यासारखा चपलांचा आवाज. आप्पा परत येऊन खुर्चीत टेकले न टेकले की पुन्हा टिंग टाँग. मी मशीनवर असायची. बेल वाजली की माझा पाय दचकायचा आणि शिवण रस्ता सोडायची. त्या महिन्यात मी शिवलेले पडदे ज्यांच्याकडे गेलेत त्यांनी ते जवळून बघू नयेत.

आणि एका दुपारी आप्पा घाईने निघाले, वॉकरचा पाय पायपुसण्यात अडकला आणि ते गेले की खाली. नशीब थोर म्हणून तिथे सोफ्याच्या खोळींचा गठ्ठा पडला होता. आप्पा खोळींवर बसले, मी जमिनीवर बसले. "काही लागलं नाही गं," ते म्हणाले, "दार उघड, कोण आहे बघ." कोण असणार. जिना रिकामा.

त्या क्षणी मी ठरवलं की हे बंद करायचं.

पहिला सल्ला समोरच्या वहिनींचा. त्यांच्याकडे सल्ला फुकट आणि भरपूर असतो. त्या म्हणाल्या, "बटणाला मिरचीची पूड लावून ठेवा." दुसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या सरांचा. हे सर मुलांच्या शिकवण्या घेतात आणि मोठ्यांच्या न मागता घेतात. जिन्यातच कठड्याला टेकून त्यांनी सुरुवात केली, "वहिनी, प्रश्न बेलचा नाही. प्रश्न संस्कारांचा आहे. घरात धाक असला तर मूल कुणाच्या बेलला हात लावील का? आमच्या मुलीचंच बघा." मी त्यांच्या मुलीला बघितलं. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, बापाच्या मागे पायरीवर उभी राहून अशी सात्त्विक नजर की वाटावं आत्ता आरती ओवाळावी. बिल्डिंग तिला बिजली म्हणते. का म्हणते, ते मला पुढे कळलं.

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, एका पंपाच्या कारखान्यात आहेत आणि घरातल्या कुठल्याही संकटावर त्यांचं एकच उत्तर असतं, "रीतसर तक्रार कर." म्हणून मी रीतसर तुमच्याकडे आले, अध्यक्षसाहेब. आठवतंय का? तुम्ही चहा पीत होतात. मला विचारला नाहीत, ते जाऊ दे. मी म्हणाले, "बेलचं बटण जरा वर सरकवून घेते, मुलांचा हात पोचणार नाही असं." तुम्ही कप खाली ठेवलात आणि चेहरा गंभीर केलात.

"बटण कुठे आहे?"

"दाराबाहेर. भिंतीवर."

"म्हणजे सामायिक भिंतीवर. तिथे खिळाही ठोकायचा तर कमिटीची परवानगी लागते."

"मग मुलांना तुम्ही आवरा. बटण सामायिक आहे ना?"

"बटण सामायिक आहे, पण वाजतं तुमच्या घरात. आवाज हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे."

मी आयुष्यात पुष्कळ कापड कापलंय, पण बेलचे असे दोन तुकडे करणारा कारागीर मी पहिल्यांदाच बघितला. जाता जाता तुम्ही तो निळा कोट माझ्या हातात ठेवलात. "पाठ जरा सैल करा. मागच्या मैदानातल्या हिरवळीच्या उद्घाटनाला घालायचाय." पोट पुढे वाढतं आणि लोक पाठ सैल करायला सांगतात, हे मी रोज ऐकते, त्यामुळे हसले नाही.

परवानगी आली नाही. मी बटण वर सरकवलं. वायरमन आला, त्याने भिंत इतकी फोडली की समोरच्या वहिनींना वाटलं आम्ही खोली वाढवतोय. बटण गेलं दाराच्या चौकटीवर. माझं पहिलं गिऱ्हाईक आलं ती ठेंगणी बाई. तिने उड्या मारल्या, मग छत्रीने प्रयत्न केला आणि निघून गेली. मुलांनी झाडूचा दांडा आणला. आता बेल आधीपेक्षा जोरात वाजू लागली, कारण दांड्याला बोटासारखा अंदाज नसतो.

मग वायरमननेच सुचवलं, बिनतारेची बेल घ्या. बटण हवं तिथे चिकटवा, हवं तेव्हा काढून आत ठेवा. मला ते पटलं. बसवली. बसवली त्या दिवशी दुपारपर्यंत बेल वाजलीच नाही आणि मी देवाचे आभार मानले. संध्याकाळी सर खाली आले, तेही डोळे तांबारून. त्यांनीही तसलीच बेल आणली होती, त्याच दुकानातून. माझं बटण दाबलं की बेल त्यांच्याकडे वाजत होती. माझी गिऱ्हाइकं आमच्या दाराशी ताटकळत होती, आणि सर वर शिकवणी सोडून दिवसभर दार उघडत होते. त्यांचं बटण दाबलं की आमच्याकडे. म्हणजे दुपारनंतर त्यांच्या शिकवणीला उशिरा आलेल्या प्रत्येक मुलासाठी आमचे आप्पा उठत होते. दोन्ही बेली काढल्या. भिंतीला पडलेलं भोक तेवढं राहिलं, ते तुम्ही येऊन पाहून गेलात आणि त्याबद्दल मला समज दिलीत. जुनी बेल जुन्या जागी आली.

आता मी आप्पांवरच कायदा बसवला. "बेलला उठायचं नाही. आपली माणसं दारावर तीनदा टकटक करतील, थांबून एकदा. तेवढ्यालाच उठायचं." आप्पा खूश. पोस्टात आयुष्य गेलं, पण गुप्त खुणेचं काम कधी मिळालं नव्हतं. त्यांनी दुपारभर वॉकरवर सराव केला. टक टक टक, टक. इतका मन लावून केला की दाराबाहेर बसून मुलांनी तो ऐकला आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या जिन्याला आमची खूण पाठ झाली.

त्या टोळीत एक चष्मिस मुलगा आहे. त्याला देवाने गळा दिलाय आणि अक्कल द्यायची राहून गेलीय. त्याने माझा आवाज काढायला सुरुवात केली. हुबेहूब. "आप्पाऽ, दार उघडा हो, हातात पिशव्या आहेत." मी मशीनवर बसून माझाच आवाज दाराबाहेरून ऐकत होते. मी इतकी कावून बोलते हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून शेवटचा कायदा. मी आप्पांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि बोट रोखून म्हणाले, "आप्पा, आता नीट ऐका. बेल वाजली, टकटक झाली, बाहेरून माझा आवाज आला, मी रडले, ओरडले, तरी तुम्ही उठायचं नाही. मी घरात असले तर मी उघडीन. नसले तर मरू दे." आप्पा म्हणाले, "आणि तूच असलीस तर?" मी म्हणाले, "माझ्याकडे किल्ली असते."

हे वाक्य लक्षात ठेवा, अध्यक्षसाहेब.

त्या दुपारी तुमचा कोट टेबलावर पालथा होता. पाठीची शिवण उसवून नवी घातली होती. अशी शिवण ओल्या फडक्याखाली लगेच दाबावी लागते, थंड झाली की उभी राहते. मी फडकं टाकलं, इस्त्री ठेवली, आणि बेल वाजली. लांब. कुणीतरी बोट ठेवून विसरल्यासारखी. माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. एरवी मी झोपेतसुद्धा इस्त्री उभी करून ठेवते. त्या दिवशी तशीच टाकली आणि धावले. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, अंगात गाऊन. दार उघडलं, तर एक वेणी खालच्या वळणावर विजेसारखी नाहीशी होताना दिसली. मी वेणीमागे. खालच्या मजल्यावर मी तिला जवळजवळ गाठलीच होती, आणि वर धाडकन आवाज झाला. वारा. आमचं दार. लॅच.

किल्ली आत. इस्त्री आत, कोटावर. आप्पा आत. आणि आप्पांवर माझा कायदा.

मी वर आले, बेल दाबली. आतून शांतता. टकटक केली. शांतता. "आप्पा, मी आहे, दार उघडा." आतून आप्पांचा आवाज आला, अगदी तृप्त, "छान काढतोस रे आवाज. कालच्यापेक्षा छान."

"आप्पा, खरंच मी आहे. इस्त्री चालू आहे."

"सूनबाईंकडे किल्ली असते," आप्पा म्हणाले. "पळ घरी."

"आप्पा, प्लग काढा." हे मी म्हणाले आणि जीभ चावली. टेबलाच्या पायाशी वायर, चिंध्या, पायपुसणं. घाईने उठले तर? डॉक्टरांचं ते वाक्य उशाशी ठेवलेलं उठून उभं राहिलं. "नाही, नाही, उठू नका, बसून राहा," मी ओरडले. आतून आप्पा हसले. "आता तर घोटाळाच केलास. ती असं उलटसुलट नाही बोलत."

आमची दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडे असते. मी त्यांची बेल दाबली. दाबून धरली. आतून वहिनी, "एकदा हातात सापड, तंगडंच मोडते." मी म्हणाले, "वहिनी, मी." त्या म्हणाल्या, "मी पण मी." वर धावले, सरांची बेल वाजवली. त्यांच्या दाराशी उभं राहायला मला धीर नव्हता, कारण खालून जळका वास यायला लागला होता. बेल दाबून मी खाली पळाले. सरांनी तेवढ्यात दार उघडलं, कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीसुद्धा?"

माझ्या आजवरच्या इभ्रतीची त्या दोन शब्दांत माती झाली. पण थांबायला वेळ नव्हता. मी तुमच्या दाराशी आले, अध्यक्षसाहेब. तुमची बेल दाबली. ती वाजलीच नाही. तुम्ही तिची वायरच काढून ठेवलीय, हे मला तेव्हा कळलं. आमची बेल अंतर्गत प्रश्न, आणि तुमची मुकी. मी मुठीने दार बडवलं. आतून तुमचा आवाज आला.

"कोण आहे?"

"मी शिवणवाली. तुमचा कोट जळतोय, घरात म्हातारा माणूस अडकलाय, पहार द्या, हातोडा द्या, काहीतरी द्या."

"तक्रार आहे का?"

"आग आहे."

"तक्रारी रविवारी सकाळी," तुम्ही म्हणालात. "आणि मुलांनो, मोठ्यांचे आवाज काढणं चांगलं नाही."

आता सांगा, भोक कुणी पाडलं? मी आले होते. तेव्हा तो कोट नुसता पिवळा पडला असेल.

मी परत आमच्या दाराशी आले आणि खांद्याने धडक द्यायला लागले. आमचं दार चांगलं आहे, मी नाही. तिसऱ्या धडकेला खांदा म्हणाला पुरे. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा गाऊन ओढला. बिजली. मागे चष्मिस. दोघांचे चेहरे पांढरे. वास त्यांनाही आला होता, आणि पळून जायचं सोडून ती वर आली होती, हे मी त्यांच्या खात्यावर जमा करते.

"काकू, बाजूला व्हा," ती म्हणाली.

तिने बोट ठेवलं. टिंग. टिंग. मग लांब. मग पटकन एक, शेपटीसारखी.

आत लगेच खट्, खट्, खट्. घाई नाही, धडपड नाही. सरावाची पावलं. दार उघडलं आणि माझ्या तोंडावर फुस्सकन पाणी उडालं. दारात आप्पा, एका हातात वॉकर, दुसऱ्यात माझी कपड्यांवर पाणी मारायची बाटली. चेहऱ्यावर असा आनंद, जो मी ऑपरेशनच्या आधीपासून पाहिला नव्हता. मग त्यांनी मला ओळखलं आणि तो आनंद मावळला.

"अगं, तू?"

मी आत बघितलं. त्यांच्या पाठीमागे टेबलावरून धूर चढत होता. त्यांनी माझ्या नजरेमागे बघितलं आणि गर्रकन वळले. वॉकरचा पाय माझ्या गळ्यातून लोंबणाऱ्या टेपमध्ये अडकला. वॉकर एकीकडे, आप्पा एकीकडे. मी हात पुढे केला तो हवेतच राहिला. पण माझ्या दोन्ही काखांखालून दोन पोरं घुसली, एक आप्पांच्या डाव्या अंगाला, एक उजव्या, आणि आप्पा त्यांच्यावर टेकले. चष्मिसचा चष्मा फुटला. आप्पा उभे राहिले.

मग मी प्लग काढला. कोटाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

खिडक्या उघडल्या, आप्पांना खुर्चीत बसवलं, आणि मग मला रडू आलं. भीतीचं नाही, अपमानाचं. "आप्पा, मी घसा फोडून ओरडले आणि तुम्ही उठला नाहीत. हिने बेल वाजवली तर उठलात?"

"तूच सांगितलं होतंस."

"यांच्यासाठी का उठता मग?"

आप्पा बाटलीच्या टोपणाशी चाळा करत राहिले. "तू दोरे-बटणं आणायला जातेस ना दुपारी. तेव्हा ही येतात. दोन बारीक, एक लांब, एक शेपटी, ही वाजवली की मी जायचं दारामागे. त्यांनी पळायच्या आत पाणी उडवलं तर मी जिंकलो." मग खाली बघूनच म्हणाले, "या दाराशी दिवसभर बेल वाजते, सूनबाई. सगळी माणसं तुझ्याकडे येतात. मी नुसतं पुढचे, पुढचे. ही वाजवतात ती माझ्यासाठी."

तरी मी बिजलीचा कान धरला आणि सांगितलं, की हे एकच दार असं आहे, बाकी दारांमागे काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. कुणी आजारी, कुणी अंघोळीला, कुणाची इस्त्री चालू. आणि तुमच्यामुळे आज या बिल्डिंगमध्ये खरी आग लागली तरी कुणी मदतीला येईना. ती रडली नाही. कान माझ्या हातात ठेवूनच म्हणाली, "मग खेळायचं कुठे, काकू? मागच्या मैदानाला कुलूप आहे."

मी कान सोडला.

तेव्हापासून मी त्या कुलपाच्या मागे लागलेय. वॉचमन म्हणतो किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणतात अध्यक्षांकडे. तुम्ही परवा म्हणालात माळ्याकडे. माळी म्हणतो, मला कुणी किल्ली दिलीच नाही, मी कुंपणावरून नळी टाकून पाणी घालतो. म्हणजे ज्या हिरवळीच्या उद्घाटनासाठी तुम्हाला कोट हवा होता, त्या हिरवळीवर माळीसुद्धा पाय ठेवू शकत नाही. मुलं जिन्यात खेळणार नाहीत तर काय, तुमच्या पाठीवर?

हा माझा खुलासा. कोटाला मी ठिगळ लावलंय, त्याच रंगाचं, लांबून कळणार नाही. आज संध्याकाळी तो घेऊन मी तुमच्या दाराशी येणार आहे. बरोबर आप्पा आहेत, त्यांचा हट्ट आहे. पायऱ्या हळूहळू उतरू, एका बाजूला बिजली, एका बाजूला चष्मिस. तुमची बेल मुकी आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आप्पा वॉकरने दार ठोकतील. आमच्यापैकी कुणीही पळून जाणार नाही. तेव्हा रविवार म्हणू नका, थोडक्यात म्हणू नका. दार उघडा आणि सांगा, मैदानाची किल्ली कुणाकडे आहे?